1966 च्या एका एमजीबीसाठी इंजिन ऑइलची निवड: एक प्रकरण अभ्यास

1966 सालची एक एमजीबी, म्हणजे एमजी या ब्रिटिश कंपनीची स्पोर्ट्स कार, माझ्यासमोर आली, तेव्हा तिच्या मालकांचा प्रश्न एका ओळीचा होता. ऑइल प्रेशर घसरले आहे, तर आता 20डब्ल्यू-60 भरावे का? (डब्ल्यूआधीचा आकडा तेलाचा थंडीतला दाटपणा दाखवतो, नंतरचा गरम इंजिनातला.) या प्रश्नाचे उत्तर देण्यास मला जवळजवळ पाच आठवडे लागले आणि शेवटी जे तेल निवडले ते मालकांनी सुचवलेले नव्हते. त्यातला बराचसा वेळ तेलाच्या डब्यांवरील अक्षरे वाचण्यात गेला नाही. तो गेला कार्ब्युरेटरमध्ये, म्हणजे पेट्रोल व हवा मिसळणाऱ्या भागात. म्हणूनच हे प्रकरण सविस्तर मांडण्याजोगे वाटते.

गाडीची पार्श्वभूमी अशी. इंजिन बी-सिरीजचे, 1798 सीसीचे, पाच मेन बेअरिंगचे (क्रँकशाफ्टला आधार देणाऱ्या बेअरिंगचे). (1962 ते 1964 मधल्या पहिल्या एमजीबींमध्ये याच इंजिनाला तीनच मेन बेअरिंग होती.) दोन एसयू एचएस4 कार्ब्युरेटर, पुशरॉडने चालणारे व्हॉल्व्ह, सपाट तोंडाचे टॅपेट (कॅम आणि पुशरॉड यांच्यामधले तुकडे) आणि पुढे बसवलेला ऑइल कूलर. इंजिन काही वर्षांपूर्वी बांधलेले होते आणि त्यानंतर सुमारे 40,000 किलोमीटर चालले होते. या सगळ्या काळात मालक त्यात 20डब्ल्यू-50 मिनरल तेलच वापरत आले होते व तक्रार काहीच नव्हती. मग कुणीतरी त्यांना सांगितले की आधुनिक सिंथेटिक तेल हे जुन्या मिनरल तेलापेक्षा प्रत्येक बाबतीत सरस असते, आणि त्यांनी 5डब्ल्यू-30 श्रेणीचे, एपीआय एसपी दर्जाचे (एपीआय ही तेलाचे दर्जे ठरवणारी अमेरिकी संस्था) पूर्ण सिंथेटिक तेल भरून घेतले.

900 किलोमीटरनंतरची परिस्थिती पुढीलप्रमाणे होती. इंजिन पूर्ण गरम असताना आयडलिंगला गाडीचे गेज पूर्वी 17 पीएसआय (दाबाचे एकक) दाखवत असे, ते आता 7 दाखवत होते. 3000 आरपीएमला पूर्वीचे 55 आता 38 वर आले होते. टॅपेटच्या बाजूने टकटक वाढली होती आणि इंजिनाच्या मागच्या बाजूला तेलाचा ओलावा दिसू लागला होता. निर्मात्याच्या वर्कशॉप मॅन्युअलमध्ये चालत्या इंजिनाचे प्रेशर 50 ते 80 आणि आयडलिंगचे 10 ते 25 पीएसआय दिलेले आहे, म्हणजे दोन्ही आकडे मर्यादेच्या खाली होते. मालकांना तोपर्यंत दोन सल्ले मिळालेले होते. एक, जाड तेल भरा. दोन, तेलात जस्ताचे ॲडिटिव्ह टाका, कारण नव्या तेलात ते नसते आणि त्यामुळे कॅमशाफ्ट (कॅम नावाच्या उंचवट्यांनी व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) खलास होतो. दोन्ही सल्ल्यांत थोडे थोडे तथ्य आहे, आणि अशा अर्ध्या तथ्याच्या सल्ल्यांनीच जुन्या इंजिनांचे जास्त नुकसान होते असे माझे मत आहे.

गेज आणि प्रेशर

सर्वांत आधी गेज तपासले, कारण साठ वर्षे जुन्या गेजवर विश्वास ठेवून तेल ठरवणे म्हणजे नादुरुस्त तराजूवर सोने तोलणे. ब्लॉकवर दुसरे, खात्रीचे गेज लावले असता आयडलिंगला 10 आणि 3000 आरपीएमला 42 पीएसआय मिळाले. म्हणजे गाडीचे गेज तीन-चार पीएसआयने कमी दाखवत होते. घसरण खरी होती, परंतु आयडलिंगचा आकडा प्रत्यक्षात मर्यादेच्या काठावर होता, खाली नव्हता.

येथे प्रेशर म्हणजे काय हे थोडे थांबून पाहायला हवे. ऑइल पंप इंजिनाच्या वेगाच्या प्रमाणात तेल पुढे ढकलतो. प्रेशर तयार होते ते त्या तेलाला बेअरिंगच्या फटींतून बाहेर पडताना होणाऱ्या अडथळ्यामुळे. अडथळा दोन गोष्टींवर ठरतो: तेलाचा दाटपणा आणि फटीची रुंदी. दाटपणा निम्मा झाला तर अडथळा साधारण निम्मा होतो, पण फटीतून निसटणारे तेल फटीच्या घनाच्या प्रमाणात वाढते. फट दीडपट झाली की गळती सुमारे 3.4 पट होते. त्यामुळे कमी प्रेशर दिसले की तेल पातळ झाले आहे की बेअरिंग झिजली आहेत हे गेज सांगू शकत नाही. जाड तेल भरले की दोन्ही परिस्थितींत काटा वर जातो, आणि नेमके म्हणूनच जाड तेल हे निदान नसून निदान पुढे ढकलण्याचा उपाय ठरतो. शिवाय बेअरिंगमध्ये शाफ्टला प्रत्यक्ष उचलून धरणारी तेलाची पाचर शाफ्टच्या फिरण्यातून तयार होते. पंपाचे काम त्या जागी तेल पोहोचवण्याचे आहे. काटा वर गेला म्हणजे संरक्षण त्याच प्रमाणात वाढले, असा हिशेब करता येत नाही.

डिपस्टिक

मालक पहिल्याच भेटीत अभिमानाने म्हणाले होते, “गाडी तेल अजिबात खात नाही. उलट पातळी कणभर वरच आहे.” त्या वेळी मी मान डोलावली. दोन दिवसांनी विचार करताना ते वाक्य खटकले. मागून तेल गळत आहे, 900 किलोमीटर झाले आहेत आणि तरी पातळी वर? बंद इंजिनात तेल वाढत नाही. वाढते ते त्यात मिसळलेले दुसरे काहीतरी. डिपस्टिक नाकाशी धरली तर पेट्रोलचा वास स्पष्ट येत होता.

तेलाचा नमुना प्रयोगशाळेत पाठवला. 100 अंश सेल्सिअसला दाटपणा 8.6 सेंटिस्टोक (दाटपणाचे एकक) आला. एसएई 30 श्रेणीची मर्यादा 9.3 ते 12.5 आहे, म्हणजे डब्यावर 30 लिहिलेले तेल इंजिनात 20 श्रेणीचे झाले होते. पेट्रोलचे प्रमाण सुमारे चार टक्के निघाले. फॉस्फरस 780 पीपीएम (दहा लाखांत इतके भाग), जस्त 860 पीपीएम, म्हणजे त्या दर्जाच्या तेलात असावे तितकेच. लोह 62 पीपीएम, जे एवढ्या कमी अंतरासाठी जास्त आहे. शिसे आणि तांबे मात्र माफक होते. बेअरिंगची झीज वेगाने होत असती तर हे दोन आकडे आधी बोलले असते. कूलंटची कोणतीही खूण नव्हती.

पेट्रोल आले कुठून? काही जुन्या गाड्यांत इंजिनावर बसवलेल्या यांत्रिक पेट्रोल पंपाचा पडदा फाटला की पेट्रोल थेट तेलात उतरते, पण एमजीबीचा पंप विजेवर चालणारा आहे व इंजिनापासून दूर, मागच्या बाजूला बसवलेला असतो. तो मार्ग बाद झाला. मग प्लग काढले. पहिल्या दोन सिलिंडरचे प्लग फिकट तपकिरी, तिसऱ्या-चौथ्याचे काजळीने काळे. मागचा कार्ब्युरेटर याच दोन सिलिंडरना मिश्रण देतो. एसयू कार्ब्युरेटरमध्ये चोक ओढला की जेट खाली सरकतो आणि सुईभोवतीची फट वाढून मिश्रण दाट होते. चोक आत ढकलला की जेटने वर परत यायचे असते. मागचा जेट अर्ध्या वाटेत अडकत होता. गाडी गरम झाल्यावरही ती दोन सिलिंडर चोकवरच चालत होती, आणि न जळलेले पेट्रोल सिलिंडरच्या भिंतींवरून खाली तेलात उतरत होते.

विचारणा केल्यावर कळले की तेल बदलले त्याच आठवड्यात कार्ब्युरेटरचे जेटही बदलले होते. बदल दोन झाले होते, आणि दोष एकट्या तेलावर टाकला जात होता. जेटची मध्यस्थिती नव्याने साधून, लिंकेज मोकळे करून तो दोष दूर केला. ते करताना पाहिले तर दोन्ही डॅशपॉटमध्ये (कार्ब्युरेटरच्या पिस्टनची हालचाल संथ करणाऱ्या तेलाच्या नळीत) फार जाड तेल होते. तिथे पातळ, साधारण एसएई 20 चे तेल हवे. जाड तेलामुळे पिस्टन सावकाश उचलला जातो आणि ॲक्सिलरेटर दाबताना मिश्रण गरजेपेक्षा दाट होते. या गाडीत तेलाची चुकीची निवड झालीच असेल तर एक ठिकाण हेही होते, ज्याकडे कुणाचे लक्ष नव्हते.

याखेरीज एक सवय उघड झाली. गाडी फारशी बाहेर पडत नसे म्हणून मालक दर आठवड्याला ती जागच्या जागी पाच मिनिटे चालू ठेवत आणि बंद करत. हेतू चांगला, परिणाम उलटा. त्या पाच मिनिटांत चोक ओढलेला असतो, तेल कोमटही होत नाही, ज्वलनातून निर्माण होणारे पाणी आणि उरलेले पेट्रोल तेलात साचते व ते उडून जाण्याइतकी उष्णता कधीच मिळत नाही. गाडी महिनाभर बंद ठेवलेली परवडते; दर आठवड्याला अशी अर्धवट तापवलेली परवडत नाही.

जस्त, फॉस्फरस आणि टॅपेट

आता दुसऱ्या सल्ल्याकडे. झेडडीडीपी, म्हणजे झिंक डायअल्काइलडायथायोफॉस्फेट, हे झीजरोधक रसायन 1940 च्या दशकापासून इंजिन ऑइलमध्ये वापरले जाते. सपाट टॅपेट आणि कॅम यांचा स्पर्श जवळजवळ एका रेषेवर होतो; तिथे दाब इतका असतो की तेलाचा थर पुरा टिकत नाही आणि धातूवर झेडडीडीपीने तयार केलेला पातळ लेपच संरक्षण देतो. पुढे गाड्यांना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आले. जळलेल्या तेलातील फॉस्फरस कन्व्हर्टरच्या उत्प्रेरकाला निकामी करतो, म्हणून त्यावर मर्यादा आली. 2004 च्या एपीआय एसएम दर्जापासून ती 0.08 टक्के, म्हणजे 800 पीपीएम झाली. आधुनिक गाड्यांना त्याचे नुकसान नाही, कारण त्यांच्यात बहुधा रोलर असतात किंवा कॅमवरचा भार कमी असतो.

या माहितीवरून जो निष्कर्ष सर्रास काढला जातो, की आजच्या कोणत्याही तेलात पुरेसे जस्त नसते, तो चुकीचा आहे. ही 0.08 टक्क्यांची कमाल मर्यादा 0डब्ल्यू-20, 5डब्ल्यू-30, 10डब्ल्यू-30 यांसारख्या इंधन वाचवणाऱ्या पातळ श्रेणींना लागू आहे. 10डब्ल्यू-40, 15डब्ल्यू-40 किंवा 20डब्ल्यू-50 यांना ती लागू नाही. त्यामुळे दर्जाची अक्षरे तीच असली तरी 20डब्ल्यू-50 तेलात फॉस्फरस 1000 पीपीएमच्या वर असू शकतो. असू शकतो, असतोच असे नाही; ते उत्पादकाच्या तांत्रिक माहितीपत्रकात पाहावे लागते. माहितीपत्रकात आकडा टक्क्यांत असेल तर 0.10 टक्के म्हणजे 1000 पीपीएम, हे लक्षात ठेवले की पुरते.

टॅपेटची टकटक मला तरीही दुर्लक्षिण्याजोगी वाटली नाही. या इंजिनाची सोय अशी की रॉकर व पुशरॉड काढल्यावर बाजूची झाकणे उघडून टॅपेट हाताने बाहेर काढता येतात. आठही टॅपेट तपासले. सपाट टॅपेट चालताना स्वतःभोवती फिरला पाहिजे. तो फिरत असेल तर तोंडावर वर्तुळाकार, समान चकाकी दिसते, अडकला असेल तर एक सरळ पट्टा. सातांवर समान चकाकी होती. आठव्यावर कडेला एक बारीक कडे उमटले होते, पण खड्डा किंवा उडालेला धातू नव्हता. डायल गेजने प्रत्येक कॅमची उचल मोजली, फरक 0.05 मिलिमीटरच्या आत होता. व्हॉल्व्हची फट मात्र तीन ठिकाणी ठरलेल्या 0.38 मिलिमीटरपेक्षा बरीच जास्त होती. फटी नीट करताच टकटक गेली.

म्हणजे ज्या दोषाची सर्वांत जास्त भीती घातली गेली होती, त्याचा पुरावा या इंजिनात सापडला नाही. वाढलेले लोह माझ्या मते सिलिंडरच्या भिंतींचे होते, कारण पेट्रोलने तिथले तेल धुतले जात होते. 900 किलोमीटरमध्ये 780 पीपीएम फॉस्फरसने कॅम बिघडवला नाही, यावरून ते प्रमाण कायमचे पुरेसे आहे असेही म्हणता येत नाही. कॅमशाफ्ट नवा असता तर मी अधिक काटेकोर राहिलो असतो: नव्या सपाट टॅपेटचे आणि कॅमचे भवितव्य पहिल्या वीस मिनिटांतच ठरते, आणि तेव्हा इंजिन आयडलिंगला न ठेवता 2000 ते 2500 आरपीएमवर चालवायचे असते.

निवड

कार्ब्युरेटर सुधारल्यावर मूळ प्रश्न खऱ्या अर्थाने विचारता आला. पाच पर्याय समोर होते.

5डब्ल्यू-30 पुन्हा भरणे मी नाकारले. सिंथेटिक म्हणून नव्हे, तर 30 श्रेणीचे म्हणून. उच्च तापमानात व वेगवान घर्षणाखाली तेलाचा जो दाटपणा मोजतात, त्याची किमान मर्यादा 5डब्ल्यू-30 साठी 2.9 आणि 20डब्ल्यू-50 साठी 3.7 मिलिपास्कल-सेकंद आहे. हा फरक पेट्रोल मिसळण्याआधीचा. चोकवर सुरू होणाऱ्या इंजिनात थोडे पेट्रोल तेलात जाणारच, आणि ते सोसण्याइतकी शिल्लक तेलाच्या दाटपणात असली पाहिजे. शून्याखाली बरेच उतरणाऱ्या थंडीत 5डब्ल्यूचा फायदा असतो, कारण तेल लगेच वाहते. पण 20डब्ल्यूचे तेल उणे 15 अंशांपर्यंत इंजिन फिरू देते आणि ही गाडी गोठणबिंदूच्या जवळपासही चालवली जात नाही.

20डब्ल्यू-60 ची बाजू त्याहून दुबळी होती. या इंजिनाचा रिलीफ व्हॉल्व्ह (जादा प्रेशर सोडून देणारी झडप) सुमारे 70 पीएसआयला उघडतो. थंड इंजिनात इतके दाट तेल पंपाला जड जाते, प्रेशर लगेच 70 ला पोहोचते, आणि वरचे तेल बेअरिंगकडे न जाता परत संपमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या तेलपात्रात, पडते. काटा दिमाखात उभा राहतो, मात्र तेलाच्या मार्गाच्या अगदी शेवटी असलेल्या रॉकर शाफ्टपर्यंत तेल उशिरा पोहोचते. बेअरिंग खरोखर झिजलेली असती व इंजिन बांधण्यास अवकाश असता, तर तात्पुरता उपाय म्हणून मी त्याचा विचार केला असता.

15डब्ल्यू-40 चे डिझेल तेल हा जुन्या गाडीवाल्यांचा आवडता पर्याय आहे, आणि तो अगदीच निराधार नाही. त्यात फॉस्फरस बहुधा 1000 पीपीएमच्या आसपास असतो. मात्र त्यात डिटर्जंटही भरपूर असतात आणि धातूच्या पृष्ठभागावर जागा मिळवण्यासाठी डिटर्जंट व झेडडीडीपी यांच्यात स्पर्धा होते, म्हणून केवळ पीपीएमचा आकडा पाहून ते समतुल्य मानता येत नाही. रेसिंगसाठीचे, 2000 पीपीएम जस्ताचे तेल बाद केले, कारण त्याचा हेतू थोड्या तासांनी बदलले जाण्याचा असतो, वर्षभर संपमध्ये बसून राहण्याचा नसतो. वेगळे ॲडिटिव्हही नको म्हटले: तयार तेलातील रसायनांचा मेळ उत्पादकाने तपासलेला असतो, बाटलीतून ओतलेल्याचा कुणीच तपासलेला नसतो, आणि झेडडीडीपी प्रमाणाबाहेर गेले तर तेच धातूला खाऊ लागते.

उरले ते 20डब्ल्यू-50, ज्यात माहितीपत्रकानुसार फॉस्फरस 1100 ते 1200 पीपीएमच्या दरम्यान आहे, 100 अंशांना दाटपणा 18 सेंटिस्टोकच्या आसपास आहे आणि घर्षण कमी करणारी खास रसायने घातलेली नाहीत. शेवटची अट ओव्हरड्राइव्हसाठी (वेगात इंजिनाचे फेरे कमी करणाऱ्या, गिअरबॉक्सला जोडलेल्या यंत्रणेसाठी) घातली. एमजीबीच्या गिअरबॉक्समध्ये व ओव्हरड्राइव्हमध्येही इंजिन ऑइलच भरले जाते, आणि अति गुळगुळीत तेलाने ओव्हरड्राइव्हचा क्लच सरकू शकतो. मिनरल की सिंथेटिक हा प्रश्न मी मुद्दाम शेवटी ठेवला. हे सर्व आकडे जुळणारे सिंथेटिक 20डब्ल्यू-50 असते तर तेही चालले असते. जो ओलावा सिंथेटिकवर ढकलला जात होता त्यातला बराचसा बाजूच्या झाकणाच्या कडक झालेल्या कॉर्क गॅस्केटमधून येत होता; गॅस्केट नवी बसवली आणि तो थांबला. मागच्या सीलचा थोडा ओलावा आजही आहे.

तेल बदलताना इंजिन गरम करून संप रिकामा केला, पण ऑइल कूलर व त्याच्या होजमध्ये जुने तेल उरतेच. म्हणून नवे तेल भरून 300 किलोमीटरनंतर फिल्टरसह पुन्हा एकदा बदलले. सव्वाचार लिटर तेल असे दोनदा ओतणे मालकांना उधळपट्टी वाटली, आणि त्यांचे म्हणणे मला अगदीच चुकीचे वाटले नाही. एकदाही भागले असते. मला पुढचा नमुना शुद्ध हवा होता, हे खरे कारण.

हजार किलोमीटरनंतरचा नमुना असा आला: दाटपणा 17.2 सेंटिस्टोक, पेट्रोल एक टक्क्याच्या खाली, लोह 19 पीपीएम, फॉस्फरस 1130 पीपीएम. खात्रीच्या गेजवर गरम आयडलिंगला 19 आणि 3000 आरपीएमला 61 पीएसआय. डिपस्टिकवरची पातळी प्रथमच थोडी खाली गेली होती आणि मालक त्यामुळे चिंतेत होते. ती खाली जायलाच हवी होती, हे त्यांना समजावण्यात एक संपूर्ण दुपार गेली. साप्ताहिक पाच मिनिटांचा विधी बंद झाला आहे. त्याऐवजी गाडी पंधरवड्यातून एकदा निदान अर्धा-पाऊण तास रस्त्यावर चालवली जाते, आणि तेल 5000 किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी होईल तेव्हा बदलायचे ठरले आहे. कडे उमटलेला आठवा टॅपेट तसाच परत बसवला आहे. पुढच्या तेलबदलाच्या वेळी बाजूचे झाकण उघडून तो एकटा पुन्हा तपासायचा आहे.